चार बोटं पाणी

मी एक जुनी सलंग आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते की मला तुमची दया नको. अशा गोष्टींत बोलणारी वस्तू शेवटी डोळे पुसते आणि मला जपा म्हणते. माझ्याकडून तसलं काही होणार नाही. मला भांडायचं आहे, आणि तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकावं एवढीच माझी अट आहे.

सलंग म्हणजे काय, हे झाडीपट्टीबाहेरच्या मुलांना ठाऊक नसेल. तलावाच्या मातीच्या पाळीत एक जागा मुद्दाम ठेंगणी ठेवतात आणि ती दगडांनी बांधून काढतात. ती जागा म्हणजे मी. तलाव भरला की जास्तीचं पाणी माझ्या डोक्यावरून जातं, खालच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, पसरतं आणि पुढच्या तलावाला जाऊन मिळतं. पुस्तकात मला सांडवा म्हणतात. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण आमच्या नगरपंचायतीला राग लवकर येतो. चिमूरकडून गडचिरोलीला जाणारी एस.टी. आमच्या पाळीजवळ थांबते आणि कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळतो, एवढी खूण पुरे.

मला बांधणाऱ्यांकडे नकाशा नव्हता. त्यांनी दोन पावसाळे नुसतं पाणी पाहिलं. तलावाच्या वरच्या अंगाला ढिवर मोहल्ला आहे, मासे धरणाऱ्या लोकांची चाळीस घरं. त्यातल्या सगळ्यांत खालच्या घराचा उंबरा बघून त्यांनी माझी उंची ठरवली. चुन्यात बेलफळाचा गर कालवून दगड बसवले आणि मधोमध एक सपाट काळा दगड ठेवला. त्या दगडावरून पाणी एक वीत गेलं की मोहल्ल्याने घरं रिकामी करायची, हा नियम तेव्हापासूनचा. पाणी मोजायला पट्टी नव्हती. मोहल्ल्यातली एक जाणती बाई पाण्यात हात घालून दगडावर बोटं टेकवायची आणि किती पाणी आहे ते सांगायची. तिचा शब्द चाळीस घरं मानायची.

गेली तीस वर्षं तो हात सुगंधाबाईंचा आहे. त्याआधी त्यांच्या सासूचा होता. दोन बोटं, चार बोटं, मूठभर, असं त्या सांगत आणि लोक निवांत कामाला जात. यंदापर्यंत त्या एकदाही चुकल्या नव्हत्या. मी वाहू लागले की सगळं गाव बघायला यायचं. बायका हळदकुंकू वाहायच्या, माझ्यावरून उड्या मारणाऱ्या मासोळ्या लोक ओच्यात धरायचे. माझे चांगले दिवस तेच.

पुढे घरोघरी नळ आले आणि मोहल्ल्याबाहेरचं कोणी तलावाकडे फिरकेना. माझ्या फटींत बेशरमाची झुडपं उगवली. गावच्या कार्यक्रमातल्या पत्रावळी माझ्या पायाशी कुजत पडायच्या. मला वाईट वाटायचं, हे कबूल करते. मग गावाची नगरपंचायत झाली. सिमेंटचे रस्ते झाले, उघडी नाली झाकली गेली, मुलींसाठी वाचनालय उघडलं. प्रगतीशी माझं भांडण नाही. त्या वाचनालयात माझ्या अंगावर कपडे धुणाऱ्या बायकांच्या नाती बसून वाचतात, आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्याच ओघात तलावाचं सुशोभीकरण निघालं. फिरायला वाट, बसायला बाकं, रंगीत दिवे आणि हंसाच्या आकाराची पायडलची बोट. बांधकाम समितीचे सभापती धनराजभाऊ रोज पाळीवर येऊन उभे राहायचे. त्यांचं लहानपण याच तलावात पोहण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांचा जीव या कामात होता. वाईट माणूस नाही तो. पण पंधरा ऑगस्टला पाहुणे बोटीत बसून पायऱ्यांपर्यंत येणार होते आणि पायऱ्यांजवळ पाणी उथळ होतं. हंस चिखलात बसला तर गावाचं हसं होईल, या काळजीने धनराजभाऊंनी मिस्त्रीला सांगून माझ्यावर विटांचे तीन थर चढवले. एका दिवसापुरतेच, असं ते म्हणाले. कामाभोवती हिरवी जाळी होती, त्यामुळे आत काय झालं ते कोणी पाहिलं नाही. विटांवर गिलावा झाला, वरून निळा-पांढरा रंग बसला आणि माझा काळा दगड झाकला गेला.

कार्यक्रम झोकात झाला. पायऱ्यांजवळ पाणी आलं, हंस तरंगला, फोटो निघाले. नंतर रविवारी घुग्घुसकडून गाड्या भरभरून लोक येऊ लागले. त्या गर्दीत तो एक दिवस कधी संपला ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. खाली धान पिकवणाऱ्या रामाजींच्या बांध्या मात्र कोरड्या राहिल्या. ते दोनदा येऊन माझ्याकडे बघून गेले. सलंग यंदा वाहत काऊन नाही, हे त्यांना कळेना.

ऑगस्टच्या शेवटी तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी उघडलं. तलाव काठोकाठ भरला होता आणि पाणी रंगवलेल्या कडेवरून खाली पडत होतं. नेहमीप्रमाणे सुगंधाबाई आल्या, गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि त्यांनी माझ्या मध्यावर बोटं टेकवली. हाताखाली गुळगुळीत लागलं. त्यांना वाटलं, रंगकाम केलंय, त्याचाच हा गिलावा.

"चार बोटं हाये," त्या पाळीवरच्या बायकांना म्हणाल्या. "जा कामाले. काई नाई होत."

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. बाई, तुमची बोटं माझ्यावर नाहीत, विटांवर आहेत. माझ्यावर वीत कधीच चढली, आणि तिच्यावर ही चार बोटं. पण दगडाला बोलता येत नाही, आणि आज जे बोलते आहे ते फार उशिरा.

मोहल्ला निंदणाला गेला. पाऊस थांबला तरी वरच्या रानातून पाणी येतच होतं; दुपारी ते घरांत शिरलं. कुठे घोटाभर, कुठे पिंढरीभर. चुली विझल्या, जाळी वाहून गेली. सगळ्यांत खालचं घर सीताचं. तिच्या घराची मातीची भिंत ओली होऊन बसली आणि वर्षभराचा तांदूळ तिच्याखाली गेला. सीता तान्ही मुलगी पाठीशी बांधून शेतात होती, म्हणून दोघी वाचल्या.

पाणी विटांच्या कडेपर्यंत ओसरलं, पण तिथेच थांबलं. चाळीस घरांच्या भिंतींचा पाया ओलाच राहिला. आणखी एक झड आली असती तर त्यांतल्या किती उभ्या राहिल्या असत्या, सांगता येत नाही. सुगंधाबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. सगळे त्यांना म्हणाले, तुमचा काय दोष. तिसऱ्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या, पाण्यात हात घालून कडेच्या खाली चाचपत गेल्या आणि त्यांच्या बोटांना विटांचा सांधा लागला. त्यांनी चाचपूनच थर मोजले. तीन.

कचेरीत काय घडलं ते बायकांनी मला नंतर धुणं धुताना सांगितलं. सुगंधाबाई तीनदा गेल्या. एकदा अर्ज आणा म्हणाले, एकदा अर्जावर सही दुसऱ्याची हवी म्हणाले. तिसऱ्यांदा रंजीता मॅडम भेटल्या, नगरपंचायतीच्या नव्या अभियंता. त्यांनी प्रामाणिकपणे कामाचा नकाशा टेबलावर पसरला, बोट फिरवत सगळा तलाव शोधला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, या विटा नकाशातच नाहीत. मंजूर कामातही नाहीत," त्या म्हणाल्या. "मग त्या काढायचा आदेश मी कशाच्या आधारावर काढू?"

सुगंधाबाईंनी नकाशाकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"कागदावर नाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "त मंग काढल्यानं कागदाचं काय जाते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बायका सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, घेऊन आल्या. भरदिवसा, सगळ्यांच्या देखत. त्याआधी सुगंधाबाई रामाजींकडे जाऊन आल्या होत्या, कारण तिन्ही थर एकदम काढले असते तर खालच्या धानात पूर शिरला असता. रोज एकच थर काढायचा आणि खालच्यांनी बांध्यांची तोंडं मोकळी ठेवायची, असं ठरलं. सुरुवात होण्याआधी सुगंधाबाई सीतासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी सगळ्यांपुढे सांगून टाकलं.

"चार बोटं मीच सांगतले होते. तुही भित माह्या शब्दानं पडली."

सीताने मुलीला पाठीवर घट्ट बांधलं आणि हातातली सब्बल त्यांच्याकडे केली.

"बोलत नका बसू, बाई. हे धरा."

पहिला घाव बसला तेव्हा मला लागलं. खोटं कशाला सांगू? पण असं दुखणं मी हजारदा सोसेन.

पहिला थर निघत असताना धनराजभाऊ मोटारसायकलवरून आले. सरकारी कामाला हात लावता, केस होईल, असं त्यांनी बजावलं. कोणतं काम ते कागदावर दाखवा भाऊ, असं म्हणून सुगंधाबाई पुन्हा वाकल्या. धनराजभाऊंनी मोटारसायकल वळवली. दुसऱ्या दिवशी बायका वीस होत्या. कचेरीतून एक शिपाई नोटीस घेऊन आला, पण ती कोणाच्या नावाने द्यायची हेच त्याला सांगितलं नव्हतं, म्हणून तो बाकावर बसून राहिला आणि जेवणाच्या वेळेला परत गेला. तिसऱ्या दिवशी रंजीता मॅडम आल्या. हातात पातळी मोजायची पट्टी होती. त्या काम अडवायला आल्या असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी चप्पल पाळीवर काढली, पाण्यात उतरल्या आणि पट्टी धरून उभ्या राहिल्या, विटांच्या खालचा माझा एकही दगड उखडू नये म्हणून. शेवटचा थर निघाला. काळा दगड मोकळा झाला आणि त्याच्यावरून पाणी धो धो खाली गेलं. संध्याकाळपर्यंत सीताच्या उंबऱ्याचा ओलावा मागे सरकला होता.

केस झाली नाही. कार्यक्रम संपल्यावर विटा नगरपंचायतीनेच काढल्या, असं धनराजभाऊ आता पाहुण्यांना सांगतात. सांगू देत. हंसाची बोटही बंद पडली नाही. पायऱ्यांपासून खोल पाण्यापर्यंत चार फळ्यांची वाट टाकली आणि बोट मजेत चालते आहे. तेवढंच लागत होतं, मित्रांनो, चार फळ्या. सीताची भिंत मोहल्ल्याने मिळून पुन्हा उभी केली, पण तांदूळ गेला तो गेलाच.

आता ऐकते की पुढच्या वर्षी माझ्या जागी काँक्रीटची उंच भिंत आणि लोखंडी दरवाजा बसवायचा विचार चालू आहे. दरवाजा कोण उघडणार, केव्हा उघडणार, ते अजून ठरलेलं नाही. तुमच्याही गावात असं काही चाललेलं असेल. चांगली कामं होऊ द्या, त्यांचं कौतुकही करा, पण कामाचा नकाशा मागून घ्या आणि सगळ्यांत खालच्या घरात जाऊन वाचा. मी ठेंगणी आहे, कारण कोणाचा तरी उंबरा माझ्याहून फार उंच नाही. मला उंच करणं म्हणजे त्याला बुडवणं. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी खुशाल विटा घेऊन यावं. मी इथेच आहे, आणि मोहल्ल्यातल्या सब्बली अजून गंजलेल्या नाहीत.