मडमेच्या वहीतलं घर

विश्वंभर केळकर झाशी स्टेशनात पार्सल क्लार्क होता, आणि गोऱ्या माणसाच्या हातातल्या वहीला तो विंचवाला भ्यावं तसा भ्यायचा. उगाच नाही! मागल्या साली असाच एक प्रवासी साहेब ऑफिसातल्याच, शेजारी राहणाऱ्या यज्ञेश्वराकडे चहा पिऊन, गोड गोड बोलून, त्याच्या आईचा फोटो काढून गेला. पुढं त्याचं पुस्तक क्लबात आलं. केस काढलेली, लाल आलवणातली ती विधवा म्हातारी पानभर छापलेली, आणि खाली ओळ : 'हिंदू घरातली गुलाम'. अख्ख्या ऑफिसनं ते पान पाहिलं. बिचाऱ्या यज्ञेश्वरानं पुन्हा मान वर केली नाही.

आणि आता ऐन चैत्रात मोठ्या साहेबाचं फर्मान निघालं. विलायतेची एक मडम हिंदुस्थान बघत फिरतेय, प्रवाशांसाठी पुस्तक लिहितेय, तिला हळदीकुंकू दाखवा. कुठं? तर केळकरांच्या घरी!

"आलं का बालंट!" विश्वंभर बायकोवर, शकुंतलेवर, खेकसला. "या लोकांचा काही नेम नाही. हसत येतात नि अब्रू घेऊन जातात."

कारण आलवण त्याच्याही घरात होतं. दुर्गाआत्या. विश्वंभर दोन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलेलं. ती कुणा परक्याच्या पुस्तकात छापली जाऊ द्यायची नाही, एवढं त्यानं ठरवून टाकलं. मग स्वारीनं काय करावं? सीपरी बाजारातून खुर्च्या मागून आणल्या, टेबलावर झालरीचं कापड घातलं, आणि टांगा दारात थांबताच आत्याला कोठीच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली.

"अरे, हळदीकुंकवाला मी कधी पुढं आलेय का?" आत्या आतून म्हणाली. "कडी कशाला?"

"ती डोकावली तर? थोडी कळ काढ."

मडम आली. आरास केलेल्या गौरीपुढं बसली, शकुंतलेकडून कुंकू लावून घेतलं, पन्हं प्यायली. विश्वंभरची नजर तिच्या पेन्सिलीवरून हटेना. काय एवढं खरडतेय मेली?

आंब्याची डाळ खाऊन तिनं डोळे मिटले. "किसने बनाया?"

"मेरी वाइफ ने," विश्वंभर चटकन म्हणाला. डाळ आत्यानं वाटली होती, पहाटे उठून.

तेवढ्यात कोठीतून खोकल्याची उबळ आली. एकदा, दोनदा. मडमेनं दाराकडे पाहिलं. मग कडीकडे.

"बिल्ला है जी," विश्वंभर ओठ ताणून हसला. "बड़ा बदमाश है."

मडम काही हसली नाही. पेन्सिल मात्र बराच वेळ चालली.

शकुंतला तिला तुळस दाखवायला अंगणात घेऊन गेली. वही खुर्चीवरच राहिली. विश्वंभरनं झडप घातली. वावगा शब्द दिसला तर पान टराटरा फाडायचं, मग नोकरी गेली तरी बेहत्तर!

वाचलं. गौरीची आरास फार सुंदर, लिहिलं होतं. घरच्या बाईचं हसणं मोकळं, डाळ तर अमृत. प्रवाशांनी अशा घरी जरूर यावं. विश्वंभरला मनातून थोडी लाजच वाटली. मग खालच्या ओळी आल्या : 'पण या घरात एका माणसाला बाहेरून कडी घालून ठेवलं आहे. ते माणूस खोकलं, तर यजमान म्हणाले, बोका आहे.'

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. खोटं कुठं सापडतंय ते शोधलं. पान चिमटीत धरलेलं होतं, पण फाडायला हात चालेना. अंगणातून पावलं वाजली तशी त्यानं वही होती तिथं ठेवून दिली.

टांगा गेल्यावर त्यानं कडी काढली. आत्या पोत्यावर बसली होती, घामानं निथळत.

"गेली? काय लिहिलंन रे आपल्याबद्दल?"

विश्वंभरनं थाप मारायला तोंड उघडलं, पण तिच्यासमोर खोटं बोलवेना. मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं, शेवटच्या ओळीसकट.

आत्यानं पदरानं मान पुसली.

"खरं लिहिते हो बाई," ती म्हणाली. "सर बाजूला, मला पाणी पिऊ दे."