फायरमनची जागा

मी एक लाल गाडी बोलतेय. दोन दारं, बुटकी उंची, लांब नाक आणि आत फक्त दोन आसनं. धुळ्यात देवपूरला, कडुनिंबाखाली उभी असते. जन्म विलायतेतला. रस्त्यानं जाणारा माणूस वळून बघणार नाही असा एकही दिवस तरुणपणी गेला नाही, आणि हे सांगताना मला लाजही वाटत नाही. स्पोर्ट्स कारनं लाजून कसं चालेल?

मला जळगावला आणलं एका जिनिंगवाल्या शेठच्या मुलानं. चार वर्षं तो मला मेहरूणच्या तलावाकडे संध्याकाळी पळवायचा. मग त्याचं लग्न झालं, पोरं झाली, आणि दोन आसनांत संसार मावेना. माझी रवानगी कापसाच्या गोदामात झाली. गठाणींच्या मागं मी कितीतरी वर्षं पडून होते. कापूस अंगावर साचायचा, उंदीर येऊन जायचे. पण छप्पर चांगलं होतं. पाण्याचा एक थेंब तिथं माझ्यावर पडला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिथून मला बाहेर काढलं पितांबर आबांनी. आबा म्हणजे भुसावळचे इंजिन ड्रायव्हर. सारा जन्म वाफेच्या इंजिनावर गेलेला, कपाळावर कोळशाचे बारीक निळे ठिपके. निवृत्त झाले, देवपूरला घर बांधलं आणि उरलेल्या पैशांत लोक म्हैस घेतात, तशी त्यांनी मला घेतली. पारोळ्याच्या रस्त्यानं मला चालवत घरी आणलं, तेव्हा शिट्टीची दोरी ओढावी तसा सारखा हॉर्न वाजवत होते.

दारात भागाबाई उभ्या होत्या. आबांच्या घरधनीण. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि नाक मुरडलं.

"ही काय गाडी शे? दोनच माणसं बसतस. पाव्हना उना तं त्याले काय टपवर बसाडशात?"

"दोघांसाठीच घेतली," आबा म्हणाले. "आपल्या दोघांसाठी. बस, पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन येऊ."

भागाबाईंनी पदर खोचला. "जल्मभर तुमना शेजारे फायरमन बसना. आते बी त्यालेच बलावा."

फायरमन म्हणजे इंजिनात ड्रायव्हरशेजारी राहून भट्टीत कोळसा टाकणारा. एवढं बोलून त्या घरात गेल्या. आबांचा चेहरा मी समोरच्या काचेतून पाहिला. हा माणूस आयुष्यभर हजारो लोकांना त्यांच्या बायकामुलांसकट गावोगावी पोचवत होता आणि त्याची स्वतःची बायको घरी कंदील लावून बसलेली असायची. दोन आसनांची गाडी त्यानं का घेतली, ते मला त्या दिवशी कळलं. बाई मात्र बसायला तयार नव्हत्या.

बसत नव्हत्या, पण जपत होत्या. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच असेल. एका मे महिन्यात गल्लीतल्या टेम्पोची काच उन्हानं तडकली. ते ऐकल्यापासून भागाबाई रोज जेवणं उरकली की बादलीत गोणपाट भिजवायच्या आणि माझ्या काचांवर पांघरायच्या. माठाला ओलं फडकं, मला ओलं गोणपाट. शेजारच्या कलाबाई हसल्या तर म्हणाल्या, "मी तीमा बसस नही, म्हनीसन काय झाये? घरनीच शे ना ती."

खरं सांगते, फार बरं वाटायचं. विलायतेत जन्मलेल्या माझ्या पत्र्याला खानदेशचं ऊन सोसायचं नाही, आणि ती ओल कपाळावर आईनं हात ठेवावा तशी वाटायची.

पण गोणपाटाचं पाणी काचेवरून निथळून तिच्याभोवतीच्या रबरी पट्टीत उतरायचं आणि तिथंच मुरायचं. वर्षभरात पुढच्या काचेच्या कडेला रंगाला बारीक फोड आले. पुढच्या वर्षी फोड फुटले आणि दारावर तांबडे ओघळ आले. आबांनी पॉलिशपेपर मारून वरून रंग लावला. मी दोन महिने नटून मिरवले आणि पुन्हा फोड. गंज दिसायला एवढासा असतो, आत मात्र तो घर करून बसतो. गाडी जेवढी सडे तेवढं भागाबाई गोणपाट जास्त भिजवायच्या. त्यांना वाटे, उन्हानंच माझं अंग उलतंय.

मग एका वैशाखात शिरपूरकडून निरोप आला. भागाबाईंचे भाऊ भटू यांच्या गावात नवं बुद्धविहार बांधलं होतं आणि पौर्णिमेला त्याचं उद्घाटन होतं. भागाबाई म्हणाल्या, मी एसटीनं जाते. पण त्याच दिवशी आबांनी मला युसूफभाईंच्या शेडमध्ये नेलं. युसूफभाई पत्र्याचं काम करणारे, आबांचे जुने स्नेही.

"तिच्या माहेरच्या वेशीत ही गाडी गेली पाहिजे," आबा म्हणाले, "आणि ती शेजारी बसलेली पाहिजे. नाहीतर मी ही घेतली कशाला?"

युसूफभाईंनी बोटानं पुढच्या काचेची चौकट दाबली. पापडासारखा आवाज झाला. "आबा, वरवरचं काम नको. काच काढू या. तडकली तर मात्र दुसरी कुठं मिळायची नाही, आधीच सांगतो."

"काढ," आबा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच दुसऱ्या बाजूनं हात लावला.

साबणाचं पाणी सोडत, इंचाइंचानं दोघांनी रबर सोडवलं. काच निघाली, अख्खी. माझा जीव भांड्यात पडला. रबराखालचा पत्रा मात्र भुगा होऊन खाली सांडला, आणि त्या भुग्यात तागाचे धागे होते. रबराच्या खाचेतही धागेच धागे. दोघांनी ते बघितले. युसूफभाई आबांकडे बघत राहिले.

"गोणपाट," ते हळूच म्हणाले. "भाभी रोज टाकतात ते."

आबांनी एक धागा उचलून बोटांत चोळला. "तिला कळता कामा नये. इतकी वर्षं ती जीव लावून पाणी घालतेय. विचारलंच तर जळगावचं गोदाम गळत होतं म्हणायचं."

बिचारं गोदाम! पण माझी साक्ष काढतो कोण?

काच घरी जपून ठेवायचं ठरलं. भागाबाईंनी ती दोन गोधड्यांत गुंडाळून पलंगाखाली सरकवली आणि कलाबाईंच्या नातवंडांना घरात पाऊल टाकू दिलं नाही. दिसतील तेवढे धागे वेचून काढून आबांनी रबरही त्यांच्याकडेच धुवायला दिलं. इकडे युसूफभाईंनी सडका पत्रा कापला, नव्याच्या पट्ट्या जोडल्या, घासून एकसारख्या केल्या, रेड ऑक्साइड मारलं, मग लाल रंग. माझा रंग त्यांना तंतोतंत जुळला नाही. काचेभोवती मी जरा जास्तच लाल झाले. लाली लावल्यासारखी.

काच बसवायला युसूफभाई घरी आले. रबराच्या खाचेत दोरी घालायची, काच टेकवायची आणि आतून दोरी ओढत गेलं की रबर आपोआप चौकटीवर चढतं. सुतळी दोनदा तुटली. भागाबाई आत गेल्या आणि परकराची नवी नाडी घेऊन आल्या. युसूफभाई मान खाली घालून कामाला लागले. एका दमात काच बसली.

दुसरा दिवस पौर्णिमेच्या आदला. ऊन रणरणत होतं. भागाबाई बादली घेऊन बाहेर आल्या, गोणपाट पिळलं. ओट्यावर बसलेले आबा अर्धे उठले. त्यांच्या ओठांवर शब्द आलेला मी पाहिला, आणि त्यांनी तो गिळलेलाही पाहिला. ते परत खाली बसले. पुन्हा सडली तर पुन्हा काच काढू, एवढंच त्यांच्या मनात असावं.

भागाबाईंनी गोणपाट माझ्यावर टाकलं नाही. निंबाच्या फांदीपासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत त्यांनी एक दोरी बांधली आणि तिच्यावर ते माझ्या अंगापासून हातभर दूर वाळत घालावं तसं पसरलं. मग दुसरं, मग तिसरं. माझ्यावर गार सावली पडली आणि थेंब सगळे मातीत पडले.

"तुला कोणी सांगितलं?" आबांनी विचारलं.

"रबर धोवाले मनाकडेच दिधं व्हतं ना तुम्हीन? त्यामा बठ्ठा मनाच गोणपाटना धागा व्हतात." त्या आबांकडे न बघता बोलत होत्या. "माले का बरं सांगं नही?"

भागाबाईंनी डोळे पुसले, ओले हात लुगड्याला पुसले आणि विचारलं, "सकायले कितला वाजता निंघनं शे?"

सकाळी त्या पांढरं पातळ नेसून आल्या. आबांनी डावीकडचं दार उघडलं. त्या वाकल्या, जरा अडखळल्या, बसल्या, आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "चाला, डायवरसाहेब. फायरमन बसनी."

आबा इतके हसले की किल्ली फिरवायला त्यांना वेळ लागला. सोनगीर गेलं, नरडाणं गेलं, तापीच्या पुलावर भागाबाईंनी काच खाली करून तोंडावर वारा घेतला. माहेरच्या वेशीत आबांनी हॉर्न वाजवला आणि भटूभाऊ धावत आले. त्या दिवशी मला कोणी वळून बघितलं की नाही, ठाऊक नाही. माझं लक्षच नव्हतं.

आता शहाण्णव साल चालू आहे. वाफेची इंजिनं गेली. आबांची नजर गेली, त्यामुळे मीही गेटाबाहेर पडत नाही. मागच्या काचेच्या कोपऱ्यात रंगाला एक लहानसा फोड आला आहे. म्हातारपणी एवढं चालायचंच. उन्हाळ्यात दोरीवर गोणपाटं चढतात आणि दुपारी दोघं माझ्यात येऊन बसतात. आबांचा हात स्टिअरिंगच्या चाकावर असतो.

"नरडाणं उनं का?" भागाबाई विचारतात.

"उनं," आबा म्हणतात.

देवपूरला कधी आलात तर मला जरूर भेटा. दार उघडा, हॉर्न वाजवून बघा, माझी हरकत नाही. फक्त डावीकडच्या आसनावर बसू नका. ती जागा फायरमनची आहे.