शिट्टीवाली आचल

"खेळते का ही?" शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टर मॅडमनं वजनकाट्यावरून नजर न उचलता विचारलं.

"रोज मैदानावरच राहते ना, मॅडम," चैतराम गुरुजी बोलून गेले.

सहावीतल्या आचलनं मान वर करून गुरुजींकडे पाहिलं.

चौथीत असताना पोरं तिला हसली, तेव्हा गुरुजींनीच तिच्या गळ्यात शिट्टी अडकवली होती. खो-खो असो की लंगडी, आचल जांभळाच्या सावलीत बसून शिट्टी वाजवायची, पोरांच्या चपला राखायची. मग बिरसीच्या त्या शाळेत तिला कोणी जाडी म्हणेना, शिट्टीवाली म्हणू लागले. लेकराची लाज राखली, असं गुरुजींना वाटे.

"बसून बसून वाढलंय हे वजन," मॅडम म्हणाल्या. "औषध नाही हिला. रोज घाम फुटेस्तोवर पळू द्या. आत्ताच पळाली तर पुढचे आजार टळतील."

गुरुजींची नजर आचलच्या गळ्यातल्या शिट्टीवर गेली.

खेळाच्या तासाला त्यांनी हात पुढे केला. "शिट्टी दे, माय. आजपासून तू खेळजो."

आचलचा चेहरा उतरला. "काऊन, गुरुजी? माजं काई चुकलं का?"

"नाही वं."

"मंग कायले घेऊन राहिले?"

चूक माझी, एवढं म्हणायला गुरुजींची जीभ उचलेना. आचलनं दोरी डोक्यावरून काढली. वेणीत अडकली, ती तिनंच सोडवली. मग खो-खोच्या रांगेत जाऊन बसली.

"हिले खो देजो नोको रे!" नंदलाल ओरडला. "हे उठेस्तोवर शाळा सुटन!"

पोरं खदखदली. रागवायचं तर कोणत्या तोंडानं? इतके दिवस गुरुजींनी तरी तिला कुठे खो दिला होता?

खो पुढे पडत होता, मागे पडत होता. दर वेळी आचलची पाठ ताठ व्हायची, बोटं मातीत रुतायची. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ पायलटचं विमान घरघरत डोक्यावरून गेलं. सगळी पोरं वर पाहू लागली. तिनं पाहिलं नाही.

शेवटी प्राचीनं तिच्या पाठीवर थाप दिली. "खो!"

आचल उठली, तोल गेला, सावरली, धावली. पुढची पोरगी केव्हाच दूर निसटली होती. तरी ती खांबापर्यंत गेली, खांबाला हात लावला, आणि लाल चेहऱ्यानं, धापा टाकत, वळून पुन्हा धावू लागली. आता कोणी हसेना.

टाळी वाजवायला गुरुजींचे हात उठले. पण नुसतं धावल्याची टाळी बाकी पोरांना कुठे मिळत होती? त्यांनी हात हळूच खाली घेतले आणि पाठीमागे बांधून उभे राहिले.