दुसरी सही

“डावीकडचं परत घे. हात हलला तुझा.”

“हात नाही हलला. तुम्ही श्वास घेतलात.”

खिडकीपाशी नवरा मान वर करून बसला होता आणि बायको त्याच्या नाकपुडीला व्हर्नियर लावून उभी होती. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात धातूच्या तुकड्याची जाडी मोजायचं, पुढे दोन जबडे असलेलं हत्यार. माणसाच्या नाकाला ते लावायची वेळ जगात फार कुणावर आली नसेल. हिच्यावर गेली चार वर्षं रोज सकाळी येत होती.

तिने आकडा वाचला. त्याने तो वहीत लिहिला, सही केली आणि वही तिच्यापुढे सरकवली. तिने खाली आपली सही केली. तेव्हा कुठे स्वारी उठून कामावर गेली.

पंपांचे दांडे तयार होतात अशा कारखान्यात तो तपासनीस होता. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवायचा, म्हणून सगळे त्याला मायक्रॉन म्हणत. त्याच्या खात्याचा नियम असा, की एकट्याने घेतलेलं माप खरं धरायचं नाही. दुसऱ्याने घेऊन सही केली की मगच ते खरं. आता त्याला स्वतःचं नाक डावीकडे जाड आणि वाकडं दिसायचं. स्वतःच्या मापावर भरवसा नाही, म्हणून दुसरी सही बायकोची. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, उपकरणं वाचता यायची. हुशारी अंगाशी येते ती अशी.

नाक खरं तर चारचौघांसारखंच होतं. सासूबाई म्हणायच्या, “माझ्या पोटातून आलं तेव्हापासून तसंच आहे. तेव्हा कुणी माल परत पाठवला नाही.” सुरुवातीला बायकोही हसली. मग तिने वाद घातला, आणि वादाने काही होत नाही म्हटल्यावर सही करू लागली. सहीने निदान सकाळ निभायची. दुपारी मात्र त्याचा फोन यायचाच: “सकाळचं माप बरोबर होतं ना? नक्की?” दिवसातून पंधरा-वीस वेळा “हो, नक्की” म्हणता म्हणता तिच्या नाकी नऊ आले होते.

एका सर्जनने शेंडा सरळ करून दिला होता. तीन महिने बरे गेले, मग डावी बाजू सुरू झाली. कॅन्टीन सुटलं, तो भिंतीकडे तोंड करून डबा खाऊ लागला. भाचीच्या लग्नाला गेला नाही. न्हाणीघरात दीड-दीड तास. आणि एका संध्याकाळी बूट काढता काढता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, “हे तोंड घेऊन जगायचा कंटाळा आलाय मला.” 

दुसऱ्या सर्जनने नाक तपासलं, जुने कागद वाचले आणि साफ सांगितलं, “मी सुरी लावणार नाही. आधी यांना भेटा.” चिठ्ठीवर मनाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव होतं. तो वाटभर धुमसत होता. पण बूट काढतानाचं ते वाक्य तिच्या कानातून जात नव्हतं. तिने त्याला जवळजवळ ओढतच नेलं.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी नाकाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

“दिवसातला किती वेळ जातो यात?”

“दोन-तीन तास,” तो म्हणाला.

“सहा,” बायको म्हणाली.

“याला आजार म्हणतात. नखरा नव्हे, वेडही नव्हे. खूप जणांना असतो, पण लाजेपायी कुणी बोलत नाही. तुम्ही चेहरा चार बोटांवरून बघता, त्यामुळे चेहरा दिसतच नाही, नुसता तुकडा दिसतो. आणि तुकडा बघत बसलं की कुणाचाही वाकडाच दिसतो.”

त्याने पुरावा म्हणून पिशवीतून वही काढली. त्यांनी पानं उलटली.

“ही दुसरी सही कुणाची?”

शाळेतल्या मुलीसारखा बायकोने हात वर केला.

“ही हळूहळू बंद करायची. आधी फोनवरचं उत्तर, मग सकाळचं माप.”

“मग यांना धीर कोण देणार?”

“धीर द्या की. माप देऊ नका. सही मिळाली की शंका तेवढ्यापुरती झोपते आणि दुसऱ्या दिवशी जास्त भुकेली उठते.”

बायकोचा चेहरा पडला. चार वर्षं आपण औषध म्हणून जे दिलं त्यानेच दुखणं पोसलं, हे ऐकणं सोपं नव्हतं.

“तुमचं काही चुकलं नाही,” बाई म्हणाल्या. “ज्यांची माया असते तेच सही करतात.” मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतील. दर आठवड्याला इथं यायचं. कॅन्टीनमध्ये लोकांकडे तोंड करून बसायचं. भीती वाटेल. वाटू दे, बसून राहायचं. कबूल?”

त्याने वही परत घेऊन पिशवीत ठेवली. मग त्याने मान हलवली.

फोन महिन्याभरात आटोक्यात आले. सकाळ अवघड होती. पाचव्या आठवड्यात, माप बंद करायचं ठरलेल्या दिवशी, त्याने सवयीने व्हर्नियर पुढे केलं.

“एकदाच. शेवटचं.”

“तुम्हाला त्रास होतोय, दिसतंय मला. मी बसते तुमच्याजवळ. पण माप नाही.”

“तुला माझ्यापेक्षा ती बाई जवळची झाली?”

 हात पुढे जाऊ नयेत म्हणून तिने ते मांडीखाली दाबून धरले. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याची कारखान्याची बस निघून गेली. तिने शाळेत कळवलं, उशीर होईल. माणूस समोर बुडतोय आणि आपण काठावर हात बांधून बसलोय, असं तिला वाटत होतं. सव्वाआठला तो उठला, बूट चढवले.

“उशिरा गेलो म्हणून बोलणी खावी लागणार आता,” असं पुटपुटला आणि गेला. तिने दार लावलं आणि तिथेच उभी राहून पोटभर रडली.

पुढे सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. गोळ्यांनी आधी मळमळ झाली. एकदा त्याने चोरून माप घेतलं आणि संध्याकाळी आपण होऊन कबूल केलं. पण भिंतीकडचं तोंड कॅन्टीनकडे वळलं.

पाचव्या महिन्यात त्याला सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाक सुजून लालबुंद.  इतक्या महिन्यांचं केलेलं एका सर्दीने धुऊन जाणार, अशीच बायकोची खात्री झाली. त्यात दारावरची घंटा वाजली. कारखान्यातला फोरमन माप-खोलीच्या कपाटाची किल्ली न्यायला आला होता. एरवी अशा वेळी नवरा न्हाणीघरात दडायचा आणि ती “घरी नाहीत” म्हणून खोटं बोलायची. ती उठेपर्यंत तो रुमाल घेऊन दाराशी पोचलाही.

“या, पण लांब बसा. तुम्हालाही लागेल.”

अर्धा तास दोघं परत आलेल्या दांड्यांवर बोलत बसले. तो सात वेळा शिंकला. फोरमन गेल्यावर तो बेसिनपाशी थांबला, आरशात बघितलं.

“लाल झालंय,” म्हणाला.

ती श्वास रोखून पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. प्रश्न आला नाही.

“वाफ घेतो जरा. पाणी ठेवतेस?”

तिने पाणी ठेवलं, शेजारी चहाही टाकला. तो पातेल्यावर वाकून डोक्यावर टॉवेल घेऊन बसला. टॉवेलखालून त्याचा भरलेला आवाज येत होता, फोरमनने कपाट नीट लावलं नाही तर काय काय होईल, वगैरे.  ती “हं, हं” करत त्याच्यासमोर बसली आणि कितीतरी वर्षांनी आपला चहा गरम असतानाच प्यायली.