वीणा गळ्यात असताना

बनाबाईनं तार इतक्या जोरात छेडली की शेजारी टाळ धरून पेंगणारी पारूबाई दचकून जागी झाली. तिनं दोनचार ठेके वाजवले आणि पुन्हा खांबाला टेकली. बनाबाईच्या तोंडात "रामकृष्ण हरी" चालूच होतं, पण डोळे मंडपाच्या तोंडाशी थांबलेल्या जीपगाडीवर होते. भोरकडची चौघं खाली उतरली. त्यांत तिचा धाकटा भाऊ कुंडलिक होता.

विंझरच्या मारुतीपुढं सप्त्याचा सहावा दिवस. दुपारी दोन ते चार वीणा बनाबाईच्या गळ्यात. सात दिवस ही वीणा खाली टेकत नाही आणि नाम तुटत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं नामावाचून दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. तहान लागली तर हातानं खूण करायची, कुणी पाणी तोंडाला लावतं. हा नेम बनाबाईनं एकवीस सप्ते पाळला होता. पाय सुजले, ताप आला, तरी पाळला होता.

मंडपात येणारा माणूस आधी वीणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो, मग तो सावकार असो की गुराखी. भोरकडच्या तिघांनी तसं ठेवलं. कुंडलिक मात्र मारुतीकडं वळला, घंटा वाजवली, आणि परत फिरताना चार हात लांबूनच फरशीला बोटं लावून कपाळाला नेली.

"मामा, पाया पडलात का फरशी तापलीय ते बघितलंत?" सोमनाथनं विचारलं. तो बनाबाईचा पुतण्या.

कुंडलिकनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सप्ता कमिटीचे म्होरके आबा सतरंजीवर बसले होते. त्यांच्यापुढं जाऊन त्यानं मांडी घातली.

"आबा, निरोप आल्याबिगर तुमी बोर्डावर नावं लिवलीच कशी?"

फाट्यावरच्या बोर्डावर सकाळपासून रंग वाळत होता. उद्या काल्याचं कीर्तन, चिमाजीबुवा आणि पखवाजाला गेनूबुवा. एकोणीस वर्षांनी.

ज्यानं ती जोडी ऐकली नाही त्याला सांगून कळायचं नाही. चिमाजीबुवा एक अभंग सव्वा तास धरायचे. चाल चारदा बदलायची. संपला संपला म्हणून लोक मांडी सोडायला लागावेत आणि गेनूबुवांनी पखवाज अशा ठिकाणाहून उचलावा की सोडलेली मांडी पुन्हा घालावी लागे. आणि नसरापूरच्या सप्त्यात, असाच अभंग रंगात आलेला असताना, चिमाजीबुवांनी तळहात वर करून पखवाज थांबवला. गेनूबुवांनी गळ्यातला पट्टा काढला, पखवाज उपरण्यात बांधला आणि मांडवाबाहेर पडले. वेल्ह्याकडचे म्हणाले, हात घसरला. भोरकडचे म्हणाले, चिमाजीबुवांना गर्व चढला. खरं काय ते त्या दोघांनाच ठाऊक, आणि ते दोघं कधी कुणाशी त्यावर बोलले नाहीत. बोलले ते बाकीचे.

"चिमाजीबुवांनी कालच सांगितलंय," आबा म्हणाले, "गेनू येत असंल तर मी पायी येतो. आता गोरख हिर्डोशीला गेलाय गेनूबुवांना इचारायला. तिकडं फोनला रेंज न्हाई. यील इतक्यात."

"इचारायचं काय? अट हाये. चिमाजीबुवांनी हितं मांडवात, माईकवर म्हनायचं, चुकलो. मग पखवाज गाडीतनं उतरंल."

"गेनूबुवा असं म्हनले?"

"त्येंनी कशाला म्हनायला पायजे? आमी मेलो न्हाई अजून."

बनाबाईचा अंगठा तारेवर आपटला. आमी म्हणे. त्या रात्री नसरापूरहून सगळे तिच्याच घरी जेवायला आले होते. ती वाढता वाढता म्हणाली होती, गेनूबुवांचा हात घसरला, म्या माझ्या कानानं ऐकलं. कुंडलिक गेनूबुवांचा शिष्य. अर्ध्या ताटावरून उठला. त्या दिवाळीला आला नाही, पुढच्याही नाही. बनाबाईचा नवरा गेला तेव्हा दहाव्याला नदीवर येऊन उभा राहिला आणि तिथूनच परत फिरला.

आणि आता चिमाजीबुवा म्हणतात पायी येतो. तिला त्यांचाही संताप आला. ज्यांच्यासाठी तिनं माहेर तोडलं, त्यांनी एका निरोपात सगळं सोडून दिलं. उद्या दोघं शेजारी बसतील, हसतील, लोक टाळ्या वाजवतील. मग तिच्या त्या वर्षांचं काय? कशासाठी गेली म्हणायची ती?

रामकृष्ण हरी. रामकृष्ण हरी.

"मला इचाराल तर दोघांनीबी येऊ नये," सोमनाथ म्हणाला. तसे सगळे त्याच्याकडं वळले. चिमाजीबुवांच्या भक्तांचा मोबाईलवरचा ग्रुप तोच चालवायचा. "बुवांना अठ्ठ्याहत्तर चालू हाय. परवा ऐकलं, वरचा स्वर लागत न्हाई. गेनूबुवांची बोटं वातानं वाकलीत. माझ्याकडं एकतीस कॅसेटी हायेत त्या जोडीच्या. ते सोनं हाय. त्याच्यावर आता माती कशाला लोटायची?"

"मग माणसं जिवंत कशाला पाहिजेत तुम्हाला? कॅसेटीलाच हार घाला."

ही नूतन. शाळेवरची नवी शिक्षिका, पारायणाला बसलेली.

"बाई, तुमी त्या वक्ताला पाळन्यात हुता."

"पाळण्यात नव्हते, पहिलीत होते. मला कुणी नेलं नाही ऐकायला. तुम्ही पोटभर ऐकलंत, म्हणून आता दुसऱ्याच्या ताटावरचं झाकण काढू देत नाही."

भोरकडचा एक जण हसला. कुंडलिकनं त्याच्याकडं बघितल्यावर गप्प झाला.

"ताट बीट सोडा," कुंडलिक म्हणाला. "बेसूर लागला तरी चालंल, बोटं वाकडी पडली तरी चालंल. पर मान आधी. भर मांडवात हात वर करून मानूस थांबवला. कुत्रं हाकलावं तसं."

"हात घसरला हुता," सोमनाथ उसळला. "माझ्या कॅसेटीत हाय. ऐकवू?"

"तुझी कॅसेट घाल चुलीत."

"गप बसा की रं," आबा कावून म्हणाले. "ज्येंचं भांडान त्ये इसरून गेले, आन् तुमी त्येंचं घोंगडं भिजत घालून बसलाय. मानूस न्हाई सापडला की एकमेकालाच वरबाडता."

"इसरले न्हाईत." कुंडलिकचा आवाज चढला. कपाळावरची शीर ताठली होती. "गेनूअण्णा इसरले न्हाईत. एकोणीस वर्सं त्यो मानूस घरात बसून वाट बघतोय. चिमाजीबुवा मोठे हायेत ना वयानं? मग मोठ्यानं आधी यायचं आसतं. मोठ्यानं आधी वाकायचं आसतं. धाकट्यानं कुठवर..."

"मोठ्यानं?"

कोण बोललं ते क्षणभर कुणालाच उमगलं नाही.

"मोठ्यानं का रं, कुंडलिक? मोठी म्हनून एकोणीस भाऊबीजा पाट मांडला म्या. रांगोळी घातली. दर साली तुझ्या आवडीच्या करंज्या. दिवं लागंपातुर दारात हुबी. मग म्हनायचं, न्हाई आला, आन् भाऊ नसल्यावानी चंद्राला ओवाळून आत यायचं. माझा मानूस गेला तवा नदीवरनं घर किती लांब हुतं? तीनशे पावलं. तू मोजून दाव मला तीनशे..."

मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

तिनं गळ्यातल्या वीणेकडं बघितलं. तार अजून थरथरत होती. पारूबाई टाळ उघडे धरून तिच्याकडं बघत होती, नाम उचलायचं तिलाही सुचलं नाही. पंगतीच्या पत्रावळ्या गोळा करणाऱ्या बायका वाकल्या तशाच थांबल्या. मंडपात एकही शब्द नव्हता. सहा दिवस आणि पाच रात्री अखंड चाललेलं नाम विंझरात तुटलं होतं, आणि ते बनाबाईनं तोडलं होतं.

तिनं तोंड उघडलं. "राम..." एवढंच आलं. अंगठा नुसता तारेवर फिरत राहिला. आबांचे हात आपोआप जोडले गेले.

"रामकृष्ण हरी."

आवाज जाड होता आणि सरळ सरळ बेसूर. पखवाजाचा माणूस, गळा म्हणून नव्हताच. कुंडलिक बसल्या जागी, बनाबाईकडं पाठ करून, मांडवाच्या खांबाकडं बघत म्हणत होता. दोन्ही हात मांडीवर पडले होते आणि बोटं मांडीवर ठेका धरत होती.

"रामकृष्ण हरी. रामकृष्ण हरी."

त्यानं मागं वळून बघितलं नाही. थांबलाही नाही. श्वास घ्यायला जिथं थांबावं लागे तिथं तो घाईनं श्वास घेई, जणू तेवढीही फट पडू द्यायची नव्हती. पाच वेळा झालं, दहा वेळा झालं. त्याची मान लाल होत गेली. कानामागं एक पांढरी बट होती, ती बनाबाईनं आज पहिल्यांदा बघितली.

पारूबाईचे टाळ हळूच सुरू झाले. बायका पुन्हा पत्रावळ्या उचलायला लागल्या.

बनाबाईनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. कुंडलिकची पट्टी तिला फार खाली होती, गळा तिथं उतरत नव्हता. एरवी तिनं आपल्या सुरात नाम उचललं असतं आणि दुसऱ्याला वर यायला लावलं असतं. तिनं वीणेची खुंटी जराशी सैल केली. तार खाली आणली. मग त्याच्या पाठीकडं बघत, त्याच्याच जाड सुरात, त्याच्याबरोबर म्हणायला लागली.

त्याची बोटं एकदा अडखळली. मग पुन्हा ठेक्यात आली.

मंडपाबाहेर मोटरसायकल थांबली. गोरख धावतच आत आला, अंगावर घाटातली सगळी धूळ. चेहऱ्यावरूनच कळत होतं की हिर्डोशीचं उत्तर घेऊन आलाय, आणि ते सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाहीये.

"आबा, गेनूबुवा..."

आबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सतरंजीवर सरकून त्याला जागा करून दिली.