कंगव्याचे दात

ऐका ना, परदेशात स्वयंसेवक म्हणून गेले म्हणजे मी रोज उठून लोकांचे जीव वाचवत होते असं वाटतंय ना तुम्हाला? कसलं काय! तीन आठवडे एका शाळेच्या वर्गात बसून मी लोकांना कार्ड दाखवत होते. हातात धरायचं कार्ड, त्यावर कंगव्यासारखी चित्रं, वर मोठी, खाली बारीक बारीक. कंगव्याचे दात कुठल्या बाजूला ते सांगायचं. दिसलं नाही की पलीकडे डॉक्टरीणबाईंकडे, चष्म्याला. दिसलं की वहीत 'नजर ठीक', चला घरी.

तर एक मावशी आल्या. कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. बसल्या बसल्या सुरूच! वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे... शेवटची ओळसुद्धा धडाधड. माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत मी म्हटलं, "मावशी, काय नजर आहे तुमची! चष्मा लागतच नाही."

चेहरा खर्रकन उतरला हो. "सगळं बरोबर सांगितलं तरी नाही?"

"बरोबर सांगितलं म्हणूनच नाही."

"अगं पोरी, सकाळपासून रांगेत उभं राहून, पुढच्यांची उत्तरं ऐकून पाठ केलंय मी! वाटलं, पास होईल त्याला चष्मा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुकादम म्हणालाय, सोमवारी शिवण वाकडी गेली तर मंगळवारी येऊ नकोस."

आणि तो शनिवार होता! मी कार्ड उलटं धरलं. "आता सांगा."

"वर, उजवीकडे, खाली, खाली..." जसंच्या तसं! मी वही मागे चाळली. आधीच्या पानांवर मी किती जणांना 'ठीक' लिहून घरी धाडलं असेल?

मावशींचा हात धरून थेट डॉक्टरीणबाईंपुढे. त्या म्हणाल्या, "वहीत ठीक आहे ना? चष्मे मोजकेच आहेत."

मी म्हटलं, "वही चुकली. मीच चुकले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खणातून सुई-दोरा काढला आणि मावशींच्या हातात दिला. मावशींनी दोरा ओला केला, हात लांब धरला, डोळे बारीक केले. एकदा, दोनदा, पाचदा. दोरा आपला सुईच्या बाजूनेच जातोय. बाईंनी एक चष्मा काढून मावशींच्या नाकावर ठेवला, दुसरा ठेवला. तिसऱ्याला दोरा पहिल्या फटक्यात आत! मावशींनी त्याच दोऱ्याने बाईंच्या कोटाचं लोंबणारं बटण लावून टाकलं आणि मगच उठल्या.

थांबा, संपलं नाही. रविवारी पहिला माणूस बसला. सगळ्यात वरचा, बशीएवढा कंगवा दाखवला. "काहीच दिसत नाही." दुसरा, "काहीच नाही." तिसरा तर दारापासून खुर्ची चाचपडत आला! मी खिडकीतून डोकावले, तर मावशी नवा चष्मा लावून अख्ख्या रांगेची शिकवणी घेतायत.

मी कार्ड पिशवीत टाकलं आणि बाईंकडे सुई-दोरा मागायला गेले.