न दिलेली दोन मतं

विनीने किटली दुसऱ्यांदा शेगडीवर ठेवली.

वेस्टमार्चला जाणारी मंगळवारची बस दहा वीसला सुटते. आत बहुधा चौघंच असतात.

निवडणुकीच्या पत्रकावरच्या फोटोत उमेदवार हॅरिएटच्या बुटांना चिखल लागलेला आहे.

गावच्या सभागृहात मतदानासाठी बालवाडीच्या बुटक्या खुर्च्या भिंतीला सरकवल्या आहेत.

वेस्टमार्चच्या वृद्धाश्रमात विनीची बहीण एडिथ दर मंगळवारी दोन बशा मांडून तिची वाट बघत बसते.

"दार उघडंच आहे," विनी आतून म्हणाली.

सिरिल बूट बाहेर काढून आत आला. काउंटी कौन्सिलची, म्हणजे जिल्ह्याच्या परिषदेची निवडणूक आली की मतदानाच्या दिवशी चार वाजता तो शेजारून चहाला यायचाच. ती एका पक्षाची, तो दुसऱ्या. दोघांची मतं एकमेकांना खाणार, मग चिखल तुडवत जायचं कशाला? विनीचा नवरा हयात असतानाच हे ठरलं होतं. त्या ठरावाला आता अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हापासून दर निवडणुकीला दोघं मत न देता केक खात.

यंदा 'हॉक्सबी ग्रामीण' मतदारसंघातून सिरिलच्या पक्षाने उभी केली होती ती त्याचीच मुलगी, हॅरिएट.

"या वेळी तू जाऊन ये," विनी मागे न वळता म्हणाली. "लेक आहे तुझी."

"म्हणजे तूही जाणार, तुमच्या पक्षाच्या त्या ड्रॅक्सफर्डला मत द्यायला?"

"मी नाही जाणार."

"मग मी कसा जाऊ? लबाडी होईल ना ती!" सिरिल हसला. "हॅरिएट चिडलीय. म्हणते, बाबा, घरचंच मत मिळेना, तर लोकांकडे कुठल्या तोंडाने मागू? म्हटलं, विनीचं एक थोपवलंय ना, तेवढं गोड मानून घे."

विनीने केक कापला. सुरी तिरकी गेली. मोठा तुकडा तिने त्याच्या बशीत ठेवला.

हॅरिएटने सभेत खरं तेच सांगितलं होतं. चार माणसांसाठी बस चालवणं परवडत नाही, त्या पैशांत रस्त्यांचे खड्डे बुजतील. ड्रॅक्सफर्ड म्हणाला होता, बस राहील. त्यानंतर आठवड्याने विनीने पोस्टाने आलेली मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली, ड्रॅक्सफर्डच्या नावापुढे फुली मारली आणि कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीत टाकली होती. पाकीट पडल्यावरही तिचा हात थोडा वेळ फटीतच राहिला होता.

घड्याळात साडेचार झाले होते. मतदान केंद्र रात्री दहापर्यंत उघडं होतं.

"सिरिल—"

"साखर घेतली मी."

तिने दुधाचं भांडं पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मोजणी तीनदा झाली. ड्रॅक्सफर्ड एका मताने निवडून आला. बरोबरी झाली असती तर चिठ्ठी टाकावी लागली असती.

संध्याकाळी सिरिल कुंपणापाशी आला. हातात कात्री होती, पण तो काही कापत नव्हता.

"एका मताने, विनी. अकरा गावं हिंडली पोरगी."

"बोलते का तुझ्याशी?"

"नाही." तो कात्री उघडत-मिटत राहिला. "तिला एवढं साधं कळत नाही. मी गेलो असतो तर तूही गेली असतीस. फरक एकाचाच राहिला असता. खरं की नाही?"

विनीने कुंपणातली एक वाळकी काडी मोडली.

"तूच सांग तिला एकदा," तो म्हणाला. "तुझं ऐकेल ती. लहानपणापासून ऐकते."

"सांगेन," विनी म्हणाली.

मंगळवारी बस वेळेवर आली. सिरिल फाटकात उभा होता. त्याने हात केला. विनी पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता सिरिल सभागृहाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला होता.